मागची रास

अकोल्याच्या वखारीत मी पहिल्या दिवशी गेलो, तेव्हा मुकादमांनी मला डोक्यापासून पायापर्यंत सावकाश पाहिलं आणि म्हणाले, "साडेसहा."

नाव नाही, गाव नाही, "या, बसा" नाही. एवढं बोलून ते लाकडांकडे वळले. मी शेजारच्या हमालाला विचारलं, साडेसहा काय? तो पागोट्याचं टोक चावत म्हणाला, "मण, भाऊ. तुमाले जाळाले साडेसहा मण लाकूड लागन म्हन्तात ते. मनावर नका घेऊ. मले आठ सांगतलं हाय."

मनावर नका घेऊ! मी मुळातच भित्रा माणूस. पाल चुकचुकली तरी "कृष्ण कृष्ण" म्हणणारा. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, आणि घरी बायको कारण विचारत राहिली तरी सांगवलं नाही.

आमच्या मालकांचं घर अमरावतीला आणि लाकडाची वखार अकोल्याला, मोर्णेच्या काठी. मीही अमरावतीचाच. वखारीत किती लाकूड आलं, किती गेलं, किती शिल्लक राहिलं हे लिहून दर पंधरवड्याला मालकांना कळवायचं, एवढंच माझं काम. म्हातारे वडील आणि बायको यांना घेऊन मी अकोल्याला बिऱ्हाड केलं. मुकादमांना अक्षरओळख नव्हती, पण सगळी वखार त्यांच्या डोक्यात होती. कुठल्या थप्पीत किती ओंडके, त्यातले किती वाळके, किती वाळवी लागलेले, हे ते डोळे मिटून सांगायचे आणि मी लिहून घ्यायचो.

दिवस कापसाचे होते. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे वऱ्हाडात कापसाला कोणी स्वप्नात पाहिला नव्हता असा भाव आला. ज्यानं त्यानं ज्वारी मोडून कापूस पेरला. शेताच्या धुऱ्यावरच्या बाभळी पाडून तिथंही कापसाच्या दोन ओळी काढल्या. आणि नेमकी तेव्हाच लाकूड खाणारी तोंडं वाढली. आगगाडीच्या रुळाखाली घालायला लाकूड, विटांच्या भट्ट्यांना लाकूड, आणि सगळ्यांत मोठं तोंड म्हणजे रुईच्या गाठी दाबायचा वाफेचा नवा कारखाना. त्याचा दगडी कोळसा मुंबईहून येणार असायचा. आला तर आला, नाही आला तर इंजिनाच्या पोटात आमचं लाकूड. मेळघाटातून रोज गाड्या येत होत्या तरी थप्प्या काही वाढत नव्हत्या.

मुकादम आलेला प्रत्येक ओंडका गालाला लावून पाहायचे. गार लागला की तो ओला, मग गाडीवानानं कितीही शपथा घेऊ देत. एकदा बाळापूरच्या एका गाडीवानानं वर वाळकी बाभूळ आणि खाली ओली अशी गाडी भरून आणली. मुकादमांनी लोखंडी सळई राशीत खुपसली, बाहेर काढून तिचं टोक जिभेला लावलं आणि गाडीवानाला आपादमस्तक पाहून घेतलं.

"तुले सात लागते," ते म्हणाले. "ह्या गाडीतलंच लावू का? भर पावसात? अर्धा जळशीन अन् अर्धा राहशीन."

गाडीवान बैल जुंपून परत गेला. चार दिवसांनी त्यानं खडखडीत वाळलेली गाडी आणली आणि मुकादमांची नजर पडू नये म्हणून हमालाच्या आड उभा राहून बोलला. जठारपेठेतल्या एका गलेलठ्ठ व्यापाऱ्याला तर त्यांनी भर बाजारात "अकरा" म्हटलं होतं. तो बिचारा महिनाभर एकवेळ जेवला असं लोक सांगायचे. ऐकताना मी हसायचो, पण मुकादम समोर आले की मला माझे साडेसहा आठवायचे आणि हसू ओठांतच मरायचं.

हे सगळं त्यांनी कशासाठी चालवलं होतं ते मला वखारीच्या मागच्या अंगाला गेल्यावर कळलं. तिथं विटांच्या उंच ओट्यावर, कौलांच्या छपराखाली एक वेगळी रास होती. तिला सगळे मागची रास म्हणायचे. वखारीत आलेला प्रत्येक गाडीवान जाताना एक चांगला वाळका ओंडका आपण होऊन तिच्यावर टाकायचा. हा रिवाज आमच्या मालकांच्या वडिलांपासूनचा. ती रास मालकांची नव्हती, गाडीवानांची नव्हती, गावाची होती. पावसाळ्यात गावात कोणी गेलं की त्याच्या सरणाला लाकूड त्या राशीतून जायचं. गरीब-श्रीमंत पाहायचं नाही. चुलीसाठी तिच्यातली काडीसुद्धा कोणी नेत नसे.

पहिल्या पंधरवड्याला मी ती रास यादीत लिहायला निघालो तेव्हा मुकादमांनी माझा हात धरला होता. "थे कायले लिवता, भाऊ? थे आपली नाई." तेव्हापासून मी ती कधी लिहिली नाही.

एकदा ओंडके रचताना मी त्यांना विचारलं, "मुकादम, तुम्हाला भीती नाही वाटत, सारखं हेच मनात आणायची?"

"भेवच वाटते, म्हनून तं," ते म्हणाले. मग खाली बसले. "कौंडण्यपूरच्या जत्रेले गेल्तो आमी दोघं. महामारी लागली. दुपारपावतर बायको गेली. पानी असं, का कार्तिकात तसं कोनं पाह्यलं नाई. लाकूड होतं, पन ओलं. मानसं तं पटापट मरून राहिली होती, वाळलं कुठून आनाव?" त्यांनी सळईनं मातीत एक रेघ ओढली आणि ती मधोमध तोडली. "इतकी जळाली. इतकी वर्धा मायच्या पोटात गेली. ह्या हातानं ढकलली मी."

मी त्या रेघेकडे पाहत बसलो. ते उठून परत लाकूड रचायला लागले.

दरवर्षी वैशाखात मुकादम गावात फिरायचे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत राशीतून किती लाकूड लागेल याचा अंदाज घ्यायला. कोणाच्या दारात उभे राहायचे, "घरचे कसे हायेत?" एवढं विचारायचे, आत एक नजर टाकायचे आणि पुढं जायचे. चहूकडे दारं धडाधड लागायची. बायका आजाऱ्यांना मागच्या खोलीत नेऊन पांघरूण घालायच्या. म्हातारे लोक, एरवी ओट्यावरून न हलणारे, काठी टेकत बाजाराला निघायचे. ज्याच्या दारात मुकादम जरा जास्त थांबले त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नसे.

त्या वर्षी ते माझ्या दारात थांबले.

मी वखारीत होतो. घरी आलो तर बायकोचा चेहरा उतरलेला. चैत्रात तिला ताप येऊन गेला होता, अजून तोंडावर पांढुरकेपणा होता, दोन घागरी आणल्या की बसायची. म्हणाली, "अहो, तुमचे मुकादम येऊन गेले. घरचे कसे आहेत म्हणाले. मी म्हटलं, बरे आहेत. तरी जाईचनात. माझ्याकडं बघतच राहिले."

"काही आकडा बोलले?"

"नाही. तोंडातल्या तोंडात काही म्हणाले, मला ऐकू नाही आलं."

वडील ओसरीवर बसले होते, नुकतेच मोर्णेवरून आंघोळ करून आलेले. सत्तरी ओलांडली तरी अजून दातानं सुपारी फोडायचे. म्हणाले, "अरे, कशाला मनाला लावून घेतोस? वेडा आहे तो." पण माझं त्यांच्याकडे लक्ष कुठं होतं? मी बायकोकडे पाहत होतो. आणि सांगायला लाज वाटते, मी तिच्याकडे मुकादमांच्याच डोळ्यांनी पाहत होतो. पाच मण? साडेपाच?

त्यानंतर मला दुसरं काही सुचेना. वखारीत गेलो की पाय मागच्या राशीकडे वळायचे. ह्या ओंडक्यांत तिचे कोणते? ते आणून ठेवलेसुद्धा! आमच्या घरी लहानपणापासून सांगत, वंगाळ बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते. इथं तर नुसतं बोलणं नव्हतं, सरण रचून ठेवलं होतं. कुठल्या वास्तूनं तथास्तु म्हटलं नसतं? मला पक्कं वाटायला लागलं की लाकूड तयार आहे म्हणून मरण येणार, आणि लाकूडच नसलं तर त्याला यायला वाट राहणार नाही. आज हे लिहिताना माझं मलाच हसू येतं आणि रडूही येतं. पण तेव्हा मला दोन अधिक दोन चार इतकं ते स्वच्छ दिसत होतं.

ज्येष्ठात मालकांचं पत्र आलं. कारखान्याचा कोळसा वाटेत अडकला होता, गाठी पडून होत्या, इंजिन थांबून चालणार नव्हतं. वखारीत काडी म्हणून जेवढी असेल तेवढी लिहून पाठवा, कारखाना सगळं घेतो आहे. मुकादमांनी नेहमीसारखं डोळे मिटून एकेक थप्पी सांगितली. मी लिहिली. ते पाणी प्यायला उठले तेव्हा मी खाली आणखी एक ओळ लिहिली: मागची रास, बाभूळ आणि धावडा, पूर्ण वाळलेली, अमुक इतके मण. लिहिताना छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. त्या दिवशी मी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

कारखान्याच्या गाड्या आल्या त्या ऐन दुपारी. त्यांच्या माणसाच्या हातात मालकांची यादी होती. पुढच्या थप्प्या संपल्यावर तो सरळ मागं गेला. मुकादम आडवे आले.

"हे नाई. हे गावाचं हाय."

"यादीत आहे," तो म्हणाला.

"यादीत कसं येईन? यादी मी सांगतली हाय."

माणसानं कागद वाचून दाखवला. मुकादमांना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी कागद हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि परत दिला. मग बाजूला झाले. दोन दिवस गाड्या भरत होत्या आणि ते त्या रिकाम्या होत जाणाऱ्या ओट्याशेजारी उभे होते. मला काही विचारलं नाही, मालकांना शिव्या दिल्या नाहीत. शेवटची गाडी गेल्यावर ओटा झाडून काढला आणि हमालांना म्हणाले, "आजपासून गाडीमागं दोन ओंडके मांगा रे बाप्पा." पण गाड्या येणार कुठून? आठ दिवसांत मृग बरसला. मेळघाटातल्या वाटा बंद झाल्या.

आषाढ सरता सरता महामारी आली. आधी नदीकाठच्या वस्तीत एक बाई गेली, मग एकाच घरातले दोघे, मग मोजदाद राहिली नाही. वखारीत लोक यायचे, दारात उभे राहायचे. देणार काय? ओली बाभूळ होती, तिचा नुसता धूर व्हायचा. लोकांनी पऱ्हाटी नेली. गावात कापसाच्या झाडांच्या काड्यांना काय तोटा? पण पऱ्हाटी भडकते आणि विझते, तिच्यानं माणूस जळत नाही. नदीला पूर होता, आणि पुरात काय काय वाहून जात होतं ते पाहू नये म्हणून बायकांनी नदीवर पाणी भरायला जाणं सोडलं.

आणि या सगळ्यात कारखान्याचं धुराडं चालूच होतं. रोज सकाळी मी दार उघडलं की समोर तो धूर. माझी एक ओळ त्या धुराड्यातून वर चालली होती. बायको मात्र बरी होती. महामारी शेजारच्या गल्लीपर्यंत येऊन गेली तरी तिला काही झालं नाही. तिच्या गालावर रंग आला होता. मी तिच्याकडे पाहायचो आणि पाप्याच्या मनात येऊ नये ते माझ्या मनात यायचं, की माझा उपाय लागू पडला.

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी वडील आंघोळ करून ओसरीवर बसले आणि त्यांना धाप लागली. पाणी मागितलं, ते पिता आलं नाही. घटकाभर श्वास ओढत राहिले, आणि संपलं. महामारी नव्हती, काही नव्हतं. गेल्या उन्हाळ्यापासून त्यांना दम लागत होता हे बायको म्हणाली तेव्हा मला कळलं. एका घरात राहून मला दिसलं नव्हतं.

बाहेर पाऊस धरून होता. शेजारचे चौघे आले, तिरडी बांधली, आणि मग सगळे माझ्या तोंडाकडे पाहायला लागले. मी वखारीचा माणूस! मी धावत वखारीत गेलो. एकेक ओंडका गालाला लावून पाहिला. सगळे गार. मुकादम तिथं नव्हते. मी त्या झाडलेल्या ओट्यावर बसलो आणि ओरडून रडलो. बापाला अर्धा जाळून नदीत ढकलायचा, ह्या हातानं. मुकादमांनी मातीत ओढलेली ती रेघ मला दिसत होती. इतका घाबरलो मी जन्मात कधी नव्हतो.

तिरडी घेऊन घाटावर पोचलो तेव्हा तिथं बैलगाडी उभी होती. गाडीवर घोंगड्या टाकलेल्या. मुकादमांनी घोंगडी बाजूला केली. खाली लाकूड होतं, जुनं, काळंकुट्ट, चौकोनी तासलेलं. मी एक तुकडा हातात घेतला. गार नव्हता.

"सागाचं हाय," ते म्हणाले. "चाळीस वर्सं चुलीचा धूर खाल्ला यानं. पेटन."

घाटावरच्या छपरीखाली सरण रचलं. पेटलं, आणि असं पेटलं की आम्हाला मागं सरावं लागलं. वडील पूर्ण जळाले. मी हात जोडून उभा होतो, आणि लाकूड कुठून आणलं हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

तिसऱ्या दिवशी राख सावडताना अस्थींबरोबर हाताला एक लोखंडी कडी लागली. मोठी, जाड, आढ्याला ठोकतात तशी. ती धुऊन घेऊन मी जुन्या शहरात मुकादमांच्या घरी गेलो. त्याआधी मी त्यांच्या घरी कधी गेलो नव्हतो. घराला अर्धंच छप्पर होतं. उरलेल्या अर्ध्यावर कापसाची पोती उसवून ताणलेली, त्यांतून पाणी ठिबकत होतं. एका कोरड्या कोपऱ्यात त्यांची मुलगी, बाळंतपणाला आलेली, मांडीवर लेकरू घेऊन बसली होती.

मी कडी त्यांच्यासमोर ठेवली.

"पाळण्याची," ते म्हणाले. "ठोकली होती मजबूत. निंगाली नाई, म्हनून तशीच दिली आढ्यासंगं."

मी खाली बसलो. "मुकादम, रास मी लिहिली होती."

"मालूम हाय."

"कधीपासून?"

"गाड्या आल्या त्याच दिवशी. गाव सारं माह्यापासून तोंड चुकवते. त्या दिवशी तुमी राशीपासून चुकवून राहिले होते." मग म्हणाले, "काहून केलं, भाऊ?"

मी सगळं सांगितलं. ते दारात थांबले होते, बायकोकडे पाहत राहिले होते, मग मला काय काय वाटलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"वैनीसाठी कुठी आलतो मी," ते हळूच म्हणाले. "त्या दारात उभ्या होत्या. मी त्यायच्या मागं, ओसरीवर, बाबाले पाहून राहिलो होतो. श्वास पोटातून ओढून राहिले होते ते." मग माझ्या पाठीवर हात ठेवला. "भेव कोनाले चुकलं? भेवाच्या मारेच रास ठेवली मी. भेवाच्या मारेच तुमी देल्ली."

मुलीला चुलीकडे जायचं होतं, तिनं लेकरू आणून बापाच्या मांडीवर ठेवलं. मुकादमांनी त्याचं धडुतं बाजूला केलं आणि त्याला डोक्यापासून पायापर्यंत सावकाश पाहायला लागले, जसं मला पाहिलं होतं, तसंच. आता हे काही बोलतील, त्या पोरीच्या देखत बोलतील, म्हणून मी घाईघाईनं म्हणालो, "मुकादम, नका ना. त्याच्याकडे तरी नका पाहू."

"काहून? याले लाकूड नाई लागत," ते म्हणाले. "दात येतवर लेकरू गेलं तं मातीतच ठेवतात ना. म्हनून याच्याकडं पाह्यलं का मले काईच दिसत नाई. नुसतं लेकरू दिसते."

वरून एक थेंब लेकराच्या कपाळावर पडला. तो त्यांनी बोटानं पुसला. नजर मात्र हलवली नाही.

"पाहू द्या, भाऊ," ते म्हणाले. "दात येतवर पाहून घेतो."